अन् नाई झालं तं?

आमच्या घरमालकीणबाईंना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही. हसू आलं की त्या पदर तोंडाला लावायच्या आणि आधी दाराकडे बघायच्या. जास्त हसलं की मागून काहीतरी वाईट येतं, असा त्यांचा अनुभव होता. कोणता अनुभव, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही मुली त्यांना समोर काकू म्हणायचो आणि पाठीमागे 'नाई-झालं-तं काकू'. कारण जगातल्या कुठल्याही बातमीवर त्यांचा एकच सवाल ठरलेला होता.

"काकू, पेपर मस्त गेला."

"अन् पास नाई झाली तं?"

"काकू, उद्या सिलिंडर येणार आहे."

"अन् नाई आलं तं?"

वर्ध्याजवळ सावंगीला दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या आणि वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू मुली. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते वारले आणि त्यांच्या पेन्शनवर व आमच्या भाड्यावर काकूंचं चाललं होतं. तसं बघितलं तर बाईंना कसली ददात नव्हती, पण भीती मात्र घरात भरपूर होती. कुकर लावला की त्या शेजारच्या खोलीत जाऊन उभ्या राहत आणि तिथून शिट्ट्या मोजत. कुरिअरवाला आला की सही करायला आम्हाला खाली बोलावत. सही म्हणजे फासात मान देणं, असं त्यांचं मत होतं, मग ती मान आमची असली तरी त्यांना चालत असे.

दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी कायम भरून टांगलेली असे. तिच्यात दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या आणि चिवड्याचा डबा. "कुठं निघालात काकू?" असं नव्यानं आलेली प्रत्येक मुलगी विचारायची.

"कुठीच नाई वं. पण एकाएकी निंघा लागलं तं?"

चिवडा शिळा झाला की त्या तो आम्हाला वाटून टाकायच्या आणि नवा करून भरायच्या. त्यामुळे त्यांच्या त्या भीतीला आमची काहीच हरकत नव्हती. काकू गेल्या त्यालाही आता बरेच महिने झाले. झोपेतच गेल्या. पिशवी खुंटीला तशीच होती आणि डब्यातला चिवडा ताजा होता, असं शेजारीण मला फोनवर म्हणाली. मी तेव्हा नागपूरला ड्यूटीवर होते आणि त्याच दिवशी बँकेचा हप्ता कापल्याचा मेसेज आला होता, म्हणून मला तो फोन विसरता येत नाही.

छापलेल्या अक्षरांवर काकूंचा विश्वास नव्हता. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा त्यांना दुकानदारानं घरी बसून लिहिल्यासारखी वाटे. एकच वाक्य त्यांना मनापासून पटलं होतं आणि ते एसटीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. एसटीत बसल्या तर त्या तिथंच बसत, मग हाडं खिळखिळी झाली तरी चालतील. "पाह्य," त्या म्हणायच्या, "बाकीच्या गाड्या नुसत्या चढासाठी असते. एवढा एक सरकारनं इचार केला, का बाबा, उतरा बी लागते." मुलींना काही ठरवायचं असलं, कोर्स बदलायचा असला, नोकरी धरायची असली, की काकू विचारायच्या, "अन् नाई झालं तं? बाहेर पडाचा मार्ग कोन्ता?" आम्ही वर जाऊन त्यांची नक्कल करायचो आणि हसून हसून लोळायचो.

पण त्यांच्या या सवालाला एक अपवाद होता आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आमच्यात कारंजा घाडग्याची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचा हायवेला ढाबा. तिचं लग्न ठरलं आणि काकूंनी तिला भंडावून सोडलं. "अन् सासू बरी नाई निंघाली तं? अन् नवऱ्यानं नोकरी नाई करू देली तं?" ती बिचारी एकदा रडलीसुद्धा. शेवटी तिचं सामान न्यायला टेम्पो आला, ती काकूंच्या पाया पडली आणि आम्ही सगळ्या जिन्यावर उभ्या राहून एकमेकींना कोपरखळ्या मारत होतो, की आता काकू तो सवाल टाकणार. काकूंनी वाटीतलं दही तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "होईन, बाई. सारं बरं होईन."

आम्ही बघतच राहिलो. टेम्पो गेल्यावर मी विचारलं, "काकू, आज नाही विचारलं?"

"विचारा लागते तोवर, जोवर मांगं फिरता येते," काकू म्हणाल्या. "गाडी सुटल्यावर काय विचारतं? नुसतं भेवच वाढते माणसाचं."

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. अजून माझ्यावर काही गुदरलेलं नव्हतं.

माझी गोष्ट सुरू होते ती बाबा मला काकूंच्या घरी सोडायला आले त्या दिवसापासून. बाबांची वडनेरला पिठाची चक्की. जन्म त्या पट्ट्याच्या आवाजात गेल्यामुळे बाबांनी साधं पाणी मागितलं तरी दोन घरं ओ देतात. काकूंनी भाड्याच्या आधी पैशांची चौकशी केली.

"शिक्षणाचे पैसे कुठून आणले, भाऊ?"

"बँकेचं कर्ज काढलं ना ताई. चार लाख." वरच्या मुली गॅलरीत येऊन बघायला लागल्या.

"अव माय! काय शिकून राह्यली पोरगी?"

"डायट."

"अन् नाई झालं तं?"

बाबा हसले. "डायट केल्यावर काऊन नाई होनार जी? आमच्या गावातले दोघं डायट करूनच लागले."

आणि ज्या बाईला आरतीतल्या देवाचाही पुरता भरवसा नव्हता, ती चक्क मान डोलावून म्हणाली, "हे बाकी खरं. आमचे हे बी डायटचेच." भाडं ठरलं. गावातले दोघं कोण, हे मला विचारायला हवं होतं, पण खोलीत पंखा आहे की नाही या काळजीत मी होते.

मी बी.एस्सी. न्यूट्रिशनला होते. कुणी काय खावं, किती खावं, आजाऱ्याच्या ताटात काय वाढावं, याचा अभ्यास. एवढं लांब नाव घरात कोण घेणार? आम्ही सगळे सुटसुटीत 'डायट' म्हणायचो. बाबा चक्कीवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी डायट करून राह्यली." आणि गिऱ्हाईक मोठ्या आदरानं मान हलवायचं. मला वाटायचं, गाव सुधारलं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका दुपारी मी काकूंबरोबर लसूण सोलत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "का वं, तुमची टीईटी कधी राह्यते?"

टीईटी म्हणजे मास्तर व्हायला द्यावी लागते ती परीक्षा. मी म्हटलं, "मी कशाला देऊ टीईटी?"

"डायटवाल्याले द्याच लागते ना आता. आमच्या ह्यांच्या वेळी नोती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षकांना तयार करणारी एक सरकारी संस्था असते. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो डायट. काकूंचे यजमान तिथं शिकून मास्तर झाले होते. म्हणजे दोन वर्षं काकू मला होऊ घातलेली मास्तरीण समजत होत्या! मी हसत सुटले. खाण्यातलं डायट, काकू, खाण्यातलं, असं सांगताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "तुह्या बाबाले माईत आहे का हे?"

"असेल की," मी म्हटलं. पण गावातले ते दोघं आता मला आठवले. दोघंही मास्तर. एक आमच्याच शाळेत होते, मला त्यांनी बेरीज-वजाबाकी शिकवली होती. मी वर गेले आणि घरी फोन लावला. मागे चक्की चालू होती.

"बाबा, माझं शिक्षण झाल्यावर मी काय होणार?"

"काय म्हंजे? मास्तरीण होशीन," बाबा ओरडून म्हणाले. "हप्ता पगारातूनच कापून जाईन. आपल्याले काई कटकटच नाई. काऊन?"

"काही नाही. जेवलात का?" मी विचारलं. जेवले होते. मी फोन ठेवला.

त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. तोवर कर्ज ही बाबांनी केलेली एक सही होती, कुठेतरी हिंगणघाटच्या बँकेत कपाटात पडलेली. आता ते माझ्याबरोबर कॉलेजात येऊन बसायला लागलं. व्याज चढल्याचा मेसेज आला की मी फोन पालथा घालून ठेवायचे. मैत्रिणी सिनेमाला निघाल्या की मी पोट दुखतंय म्हणायचे, आणि ते खोटंही नसायचं. बाबांनी सही सरकारी मास्तरकीवर केली होती. ज्या शिक्षणावर केली ते माझ्यापाशी नव्हतंच आणि जे होतं त्यातून काय मिळतं, ते मला धड ठाऊक नव्हतं. ॲडमिशनच्या वेळी कॉलेजात म्हणाले होते, खूप स्कोप आहे. आम्ही स्कोपला पगार समजलो होतो.

मी काकूंना विनवलं, "घरी कळवू नका." काकू म्हणाल्या, "नाई सांगत. पण आंधी पाहून तं घेऊ, खड्डा केवढा आहे ते." आणि जी बाई भाजीला एकटी चौकात जात नव्हती, ती दुसऱ्या दिवसापासून खुंटीवरची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायला लागली. भाचीनं हा कोर्स केलाय, असं खोटंच सांगत त्या वर्ध्यातले दवाखाने आणि जिम पालथे घालत होत्या. संध्याकाळी दमून यायच्या आणि पायरीवर बसून मला हकिगत सांगायच्या.

एका दवाखान्यानं सांगितलं, आधी काही महिने शिकण्यासाठी या, मग पगाराचं बघू. "शिक्याचे पैसे आपन देल्ले ना?" काकू मला विचारत होत्या. "मंग हे कोन्तं शिकनं?" दुसरीकडे डॉक्टर म्हणाले, हो, हवी आहे मुलगी, पण पेशंटचे नंबर लावणं आणि फोन घेणंही तिलाच बघावं लागेल. जिमवाल्यानं तर काकूंनाच आपादमस्तक न्याहाळलं. "मावशी, तुमाले वजन वाढवा लागते," म्हणाला आणि एका पावडरीचा डबा पुढे केला. डायट कोण सांगतं असं विचारलं, तर तो म्हणाला की पावडर विकायला येतो तोच पोऱ्या सांगतो, वेगळं माणूस कशाला? एका मोठ्या दवाखान्यात मात्र नीट पगारावर मुली होत्या. आकडा कळायला काकू तिथल्या स्वयंपाकघराच्या दाराशी दोन तास बसून राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. तव्यावरून नुकतीच उतरवलेली ज्वारीची भाकरी ताटात ठेवली. "हा तुहा पयला पगार," त्या म्हणाल्या. मग भाकरीचा अर्ध्याहून मोठा तुकडा मोडून बाजूला ठेवला. "हा हप्ता." उरलेल्यातला निम्मा मोडला. "हे खोलीचं भाडं, नागपुरात तं जास्तच." मग एक लहान तुकडा काढला, "हे जानं-येनं अन् मोबाईल." ताटात चतकोराहून लहान टवका उरला. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "आता हे खाय अन् महिना काढ."

मी आहारशास्त्राची विद्यार्थिनी. एका माणसाला किती लागतं ते मला पाठ होतं. मी त्या टवक्याकडे बघत बसले आणि मला रडू फुटलं. काकूंनी पाठीवरून हात फिरवला नाही, तसलं त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या, "शेवटच्या वर्षाचे पैसे बँकेनं देल्ले का?"

"नाही. पुढच्या महिन्यात फी भरायची."

"मंग अजून मार्ग आहे," काकू म्हणाल्या. "बाबाले सांगा लागीन. मी येतो."

वडनेरच्या गाडीत काकू त्यांच्या आवडत्या जागी बसल्या, मी शेजारी. हिंगणघाट येईपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि थंडगार पडला होता. मला वाटलं होतं, त्या मला धीर द्यायला धरून बसल्यात. नंतर लक्षात आलं, बाई माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या.

बाबा चक्कीवरच होते, भुवयांपर्यंत पिठानं माखलेले. काकूंना बघून त्यांना वाटलं, मी आजारी आहे. त्यांनी मोटार बंद केली. पट्टा थांबला. मी सांगून टाकलं.

"म्हंजे मास्तरीण नाई?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मंग काय करशीन?"

"लोकांनी काय खावं ते सांगीन. दवाखान्यात."

"त्याचे पैसे देतेत लोकं?"

"मी बी हेच विचारलं, भाऊ," काकू म्हणाल्या. "देतेत. पन कमी देतेत." मग त्यांनी बाबांना सगळं सांगितलं, पगार, हप्ता आणि शेवटच्या वर्षाची फी अजून उचललेली नाही हेही. आत्ता सोडलं तर कर्ज लहान, पण हातात काहीच नाही. पुरं केलं तर कर्ज मोठं आणि हातात एक कागद, ज्याला बाजारात भाव थोडा. "मार्ग हा शेवटचाच आहे," काकू म्हणाल्या. "याच्या पुढं नाई."

बाबा हातावरचं पीठ झटकत राहिले. ते रागावतील याची मी तयारी केली होती. त्यांनी मला विचारलं, "तुले येते का पन ते? जे शिकून राह्यली ते?" आणि हे ते इतक्या हळू बोलले की मला बाबांचा आवाज ओळखू आला नाही.

"येतं बाबा. चांगलं येतं."

"मंग पुरं कर."

"अन् नाई झालं तं?" काकूंनी विचारलं. वर जाऊन केलेल्या नकलांच्या आठवणीनं मला स्वतःची लाज वाटली. त्या खरंच विचारत होत्या, बाबांना, मला, त्या बंद पडलेल्या चक्कीला. बाबा उठले आणि त्यांनी मोटार चालू केली.

शेवटचं वर्षभर काकूंनी मला तो प्रश्न विचारला नाही असा दिवस गेला नाही. आधी माझी चिडचिड व्हायची. मग हळूहळू मला त्याचा आधार वाटायला लागला. मी रात्री निवांत झोपायचे, कारण खाली एक बाई माझ्या वाटचं जागते आहे, हे मला ठाऊक असायचं. प्रश्न आला की मी उत्तर शोधायचे: नागपूरला नाही झालं तर वर्ध्याला, दवाखान्यात नाही तर शाळेच्या हॉस्टेलात, तेही नाही तर चक्कीवर बसून नाचणी-सोयाबीनचं पीठ विकेन. काकू ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "अन् ते बी नाई झालं तं?"

मी पास झाले. नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. पगार काकूंच्या भाकरीएवढाच निघाला, एक घासही जास्त नाही. हप्ते काही महिन्यांत सुरू होणार होते, तशा कागदावर बँकेत जाऊन आता मीही सही करून आले होते.

निघायच्या दिवशी ऑटो दाराशी येऊन थांबला. मी बॅगा ठेवल्या आणि काकूंच्या पाया पडायला आत गेले. त्यांना पगार सांगितला, खोलीचं भाडं सांगितलं, हप्ता सांगितला. आदल्या दिवसापासून मी उत्तरांची जुळवाजुळव करून ठेवली होती. त्यांनी विचारलं की मी सांगणार होते.

काकूंनी वाटी उचलली. माझा हात ओढून तळहातावर दही ठेवलं.

"होईन, बाई," त्या म्हणाल्या. "सारं बरं होईन."

मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले.

"काकू, विचारा ना," मी म्हटलं. "एकदा विचारा."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दाराकडे बघितलं.

"ऑटोवाला थांबला आहे," त्या म्हणाल्या. "जाय."